उभ्या धाग्यातल्या पट्ट्या

मुंबईच्या थंडीची चेष्टा करायला सगळ्यांनाच आवडतं. पुण्याहून येणारे पाहुणे तर ती ठरवूनच करतात. चार दिवस पंखा एकवर ठेवायचा, वॉचमननं माकडटोपी घालायची, भाजीवाल्याच्या गाडीवर मटार आणि गाजरं ढिगानं दिसायची आणि कुणीतरी म्हणायचं, "काय मस्त थंडी पडलीय ना यंदा!" की झाला आमचा हिवाळा. मी या चेष्टेत सामील होत नाही. मला या थंडीचा धाक आहे. ती आली की माझे हात आपोआप कापडाकडे जातात. समोर चादर असो, नॅपकिन असो, लेकीची ओढणी असो, मी ती दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढून बघते. आधी उभी, मग आडवी, मग कोनातून. लेक म्हणते, "आई, दुकानात तरी नको ना करूस. तो माणूस बघतोय." बघू दे. त्याचं कापड आहे, आणि माझी सवय आहे.

ही सवय आईची. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत शिवणाचं मशीन खिडकीपाशी होतं आणि मी मशीनच्या समोर. कापडाचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं, ते कुणीतरी म्हणजे मी. कात्री हातात घेण्याआधी आई कापडाशी बराच वेळ काढायची. उभा धागा कुठला, आडवा कुठला, हे तिला आधी पक्कं कळायला हवं असायचं. काठ असला तर प्रश्न नव्हता, काठाबरोबर जातो तो उभा. पण उरलेल्या तुकड्याला काठ कुठून असणार? मग ती तुकडा ताणून अंगठ्यानं छेडायची. उभ्या धाग्यात कापड टणकन वाजतं, आडव्यात भदकन. आणि कोनातून ओढलं की वाजतच नाही, नुसतं लांबत जातं. "तिरकं कापड लाडावलेलं असतं," आई म्हणायची. "धराल तिथे येतं आणि सोडाल तिथे जातं. गळ्याच्या पट्टीला चालतं, गोधडीला नाही." सरळ कापायचं तर ती पट्टी-पेन्सिल वापरायची नाही. कडेचा एक धागा सुईच्या टोकानं उचलून हळूहळू ओढून काढायची. कापड चुणत जायचं, चुणत जायचं, आणि धागा निघून आला की मागे एक बारीक रेघ उरायची. त्या रेघेवरून कात्री. फाडायची मात्र कधीच नाही. कापड फाडल्याचा आवाज तिला घरात चालायचा नाही. मयताच्या घरी फाडतात, म्हणायची.

मी सुधीरशी लग्न केलं ते बाबांना न विचारता, म्हणजे विचारून, आणि त्यांनी नाही म्हटल्यावर. तो आमच्यातला नव्हता. त्याची माणसं तिकडे लांब, नागपूरच्या पुढे, आणि तीही आमच्यावर खूश नव्हतीच. बाबा ओरडले नाहीत, हात उगारला नाही. जेवणाच्या ताटावरून उठताना आईला एवढंच म्हणाले, "आजपासून ती मुंबईत राहत नाही असं समज." मुलुंड आणि आम्ही राहायला गेलो ते चारकोप एकाच महानगरपालिकेत येतात. पण बाबांनी हद्द आखून दिली आणि आईनं ती पाळली.

चारकोप तेव्हा नुसतं वसायला लागलं होतं. भराव टाकलेल्या जमिनीवर बैठ्या घरांच्या रांगा, मध्ये मध्ये मोकळे प्लॉट, पलीकडे खारफुटी आणि तिच्या पलीकडे खाडी. रिक्षावाले कांदिवली स्टेशनवरून यायला तयार नसत. डास मात्र न बोलावता यायचे. आणि डिसेंबरात खाडीवरून जो वारा सुटायचा, त्याला अडवायला एक झाड नव्हतं. सुधीर अंधेरीला कारखान्यात शिफ्टला. एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, एक आठवडा रात्र. तो घरी असला की झोपलेला असायचा. उरलेला वेळ मी, एक खोली, एक ओटा आणि पोटातली हालचाल. गप्पा मारायच्या तर तिच्याशीच.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही आपल्याकडची रीत. बाळंतविडा माहेरून येतो. झबली, टोपरी, दुपटी, छोटी गोधडी. ती आईनं, मावशीनं, काकूनं शिवलेली असते. आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नसतं. जुनेर लागतं. वापरून, धुऊन, मऊ झालेलं, घरातल्या माणसाच्या अंगावर झिजलेलं. या रिती मला पाठ होत्या आणि त्यांतली एकही पाळण्याची सोय माझ्याकडे नव्हती. माहेर बंद. सासर लांब. आणि गंमत म्हणजे, आमच्या घरात जुनं असं काहीच नव्हतं. मी अंगावरच्या साडीनिशी निघालेली. चादर नवी, टॉवेल नवा, उशीचे अभ्रे नवे, सुधीरचे शर्टसुद्धा लग्नाला म्हणून घेतलेले. नव्या संसाराचं लोकांना केवढं कौतुक असतं! मला त्या दिवसांत कुणी एक विटकं धोतर दिलं असतं तर मी ओवाळून घेतलं असतं.

"अगं, तयार गोधडी घेऊन टाकू ना," सुधीर म्हणाला. "बोरिवलीला मार्केटमध्ये झकास मिळतात यार. गुलाबी, निळ्या, पाहिजे तशा."

"तयार नको."

"का पण?"

मी ओटा पुसायला लागले. त्यानंही फार ताणलं नाही. बिचारा दुसऱ्या दिवशी मार्केटमधून पांढऱ्यावर बारीक निळ्या चौकटीचं सुती कापड घेऊन आला. कापड छान होतं. नवंकोरं होतं. खळीनं कडक, नाकाला झोंबणाऱ्या वासाचं. मी ठरवलं, हे आपण जुनं करायचं. मग रोज सकाळी नळ आला की ते कापड मी भिजवायची, घासायची, पिळायची, बाहेरच्या दोरीवर वाळत घालायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. स्वच्छ कापड इतक्या निष्ठेनं धुणारी बाई चारकोपनं पाहिली नसेल.

त्याच सुमारास मी मुलुंडला फोन केला. आई-बाबांच्या घरी फोन नव्हता, तळमजल्यावरच्या गुजराती काकूंकडे होता. मी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातून लाल डब्यात नाणं टाकलं. काकूंनी आवाज ओळखला, काही न विचारता फोन बाजूला ठेवला आणि जिन्यातून आईला हाक मारल्याचं मला ऐकू आलं. मग त्यांच्या घरातल्या कुकरची शिट्टी. मग चपला.

"हं," आई म्हणाली.

"आई, मी."

"किती महिने?"

तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मुंबईत बातमीला तिकीट काढावं लागत नाही.

"सातवा संपत आला."

मग ती म्हणाली, "थंडी आहे का तिकडे?"

तिकडे! जणू मी काश्मीरला होते. मला हसू आलं. मी घाईघाईनं बोलून टाकलं, "आई, बाळाच्या गोधडीच्या पट्ट्या मी कापून ठेवते. जोडायला तू ये."

माझ्या मागे वाण्याकडे कुणीतरी तूरडाळ मागत होतं. मला वाटलं, लाइन कटली. तेवढ्यात ती अगदी तिच्या शिवणाच्या आवाजात म्हणाली, "उभ्या धाग्यात काप. आडव्यात कापशील तर धुतल्यावर सोडून देतं." आणि फोन ठेवला.

कोर्टात हे विधान कुणी वचन म्हणून मान्य केलं नसतं. मी केलं. जी बाई येणार नाही, ती पट्ट्या कशा कापायच्या ते कशाला सांगेल? मी घरी आले ती जवळजवळ उड्या मारत, म्हणजे सातव्या महिन्यात माराव्यात तेवढ्या. दोरीवरचं कापड काढलं, जमिनीवर पसरलं आणि पट्टी ठेवून पेन्सिलीनं रेघा मारल्या. धागा ओढून काढण्याइतका धीर कुठला! कात्री घेतली आणि भराभर कापत सुटले. कापलेल्या पट्ट्या हातात घेतल्या तर त्या लोंबायला लागल्या. एकही सरळ राहीना. टोकं वळत होती, कडा लाटांसारख्या फुगत होत्या. चौकटी नीट बघितल्या तेव्हा कळलं. रोज पिळून, एका कोपऱ्यानं दोरीला लटकवून कापडच तिरकं झालं होतं. माझी रेघ सरळ होती, पण कापडातला धागा सरळ नव्हता. आईनं डोळ्यांनी ओळखलं असतं. मी डोक्याला हात लावून बसले.

यावर उपाय असतो. उरलेलं कापड ओलं करायचं आणि समोरासमोरचे जे दोन कोपरे आखडलेत ते दोन बाजूंनी धरून ओढायचे, म्हणजे धागे पुन्हा काटकोनात येतात. मुलुंडला आम्ही हे कितीदा केलं होतं. आई एका कोपऱ्याला, मी दुसऱ्या कोपऱ्याला, आणि ओढता ओढता तोल जाऊन मी पुढे धडपडले की तिचं हसणं. या कामाला दोन माणसं लागतात. एकट्यानं होत नाही. त्या दुपारी मी ओल्या कापडाचा एक कोपरा खिडकीच्या गजाला बांधला आणि दुसरा हातात घेऊन ओढायला लागले. गजाला काय कळतंय? कापड गाठीपाशीच ताणायचं, बाकीचं होतं तसंच. खाडीवरचा वारा ओल्या हातांना झोंबत होता. मला एवढं एकटं वाटलं की मी गजाशी बोलायला लागले. "धर ना नीट," असं काहीतरी म्हणाले असेन.

"गो, कोणाशी बोलतंस?"

शेजारच्या काकी दारात उभ्या होत्या. मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, गिरणी बंद पडली तशी लालबागची खोली सोडून इथे आलेले. एकमेकींशी आमचं नळापुरतं बोलणं होतं. मी काही सांगायच्या आत त्यांनी गाठ सोडली, कोपरा हातात घेतला आणि पाय रोवून उभ्या राहिल्या.

"ओढ. पोटाक जपान ओढ."

आम्ही ओढलं. चौकटी हळूहळू सरळ झाल्या. मग त्यांनी कापड गालाला लावून बघितलं आणि विचारलं, "ह्या रोज कित्याक धुतंस? मी बघतंय ना रोज."

"जुनं व्हायला."

त्या हसल्या त्या इतक्या की दाराची चौकट धरून बसल्या. "कापड धुऊन जुना होता काय गो? अंगार घालूक व्हया, झिजवूक व्हया. तुझी आवस खंय आसा?"

"मुलुंडला. येणारेय."

माझ्या तोंडून हे असं ठाम निघालं. काकींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. संध्याकाळी त्या स्वतःचं जुनं लुगडं घेऊन आल्या. हिरवं, धुऊन धुऊन शेवाळी झालेलं, हात लावला तर पाण्यासारखं मऊ. मी कात्री शोधेपर्यंत त्यांनी कडेला दातानं चीर दिली आणि सर्रकन फाडलं. मी दचकलेच. "काकी, फाडू नका ना! बाळाचं आहे." त्यांना काही समजेना. "फाडला तर कापड आपली वाट आपण काढता. धाग्याच्या भायेर जाऊचाच नाय." बरोबर होतं त्यांचं. फाटलेली कड अगदी धाग्यात होती. तरी उरलेलं लुगडं मी मागून घेतलं आणि माझ्या पद्धतीनं, आईच्या पद्धतीनं, धागा ओढून कापलं.

मग महिनाभर माझं तेच काम. दुपारी दारात उन्हाची तिरीप यायची, तिथे बसायचं. सुईच्या टोकानं धागा उचलायचा आणि जपून ओढायचा. मध्येच तुटला की पुन्हा टोक शोधायचं. रेघ उमटली की कात्री. एक पट्टी शेवाळी, एक निळ्या चौकटीची. कापून झाली की छेडून बघायची. टणकन वाजली की त्या ढिगावर. ढीग मी फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवत असे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढत असे; मोजत नसे, नुसता हात फिरवत असे. काकी येता-जाता म्हणायच्या, "शिवून टाक गो आता. मी हातभार लावतंय. दोन दिसांचा काम."

"नको. जोडायला आई येणारेय."

"कदी?"

"येईल."

घराजवळून चपलांचा आवाज गेला की मी मान वर करायची. चारकोपच्या त्या ओसाड सेक्टरात दुपारी कोण येणार? बोहारीण, पोस्टमन, कुणाचा तरी पत्ता चुकलेला पाहुणा. पट्ट्या पुरेशा झाल्या तरी मी कापतच राहिले. मनात म्हणायची, आई आली की तिला कमी पडायला नकोत.

लोक आता विचारतात, "मग पुढे झालं ना सगळं नीट?" झालं. लेक चालायला लागल्यावर एक दिवस बाबाच आले, बिस्किटांचा पुडा घेऊन, जणू मधली वर्षं रिक्षा मिळत नव्हती. मग आईही आली, येत राहिली. नातीचे फ्रॉक शिवले, लाडू केले. आता दोघंही नाहीत आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही अढी नाही. शेवट गोड झाला असं म्हणायची पद्धत आहे, मीही म्हणते. पण पुढचं सुख मागे जाऊन भरता येत नाही. तो हिवाळा होता तिथेच आहे. मी आईला कधी विचारलं नाही की तेव्हा का आली नाहीस. तिनंही कधी सांगितलं नाही. एकदा फक्त नातीच्या परकराला कापड बेतताना ती म्हणाली, "तेव्हा तुझ्याकडे मशीनही नव्हतं," आणि चष्मा पुसायला लागली. मी दुसरं काहीतरी बोलले. आम्हा दोघींना त्या दिशेनं जायचंच नव्हतं.

हल्ली गोधड्यांची प्रदर्शनं भरतात. बोरिवलीला एकदा लेक मला घेऊन गेली. सुंदर रंग, भिंतीवर टांगलेल्या, खाली कलाकाराचं नाव. मी एकीचा कोपरा हळूच ओढून बघितला. लांबला. पट्ट्या तिरक्या कापलेल्या होत्या, नक्षी खुलावी म्हणून. दोन धुण्यांत तिचा नकाशा होणार होता. पण भिंतीवरची गोधडी धुतो कोण? तिच्याखाली निजतो कोण? लेकीनं माझा हात धरून मला बाहेर काढलं.

त्या वर्षी कळा सुरू झाल्या तेव्हा थंडी सरत आली होती. सुधीर नेमका घरी होता. काकी बरोबर निघाल्या, न बोलावता. जवळच्या प्रसूतिगृहात मला आत घेतलं आणि मी आडवी पडून दाराकडे बघत राहिले. सुधीरनं मुलुंडला फोन केला होता. गुजराती काकूंनी निरोप पोचवते म्हणून सांगितलं होतं. म्हणजे निरोप पोचला होता. आता येईल, मी म्हणत होते. अशा वेळी कुठली आई थांबते? बाबा ऑफिसला गेले की निघेल. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. त्याच दिवशी सकाळी काकी घरी जाऊन येते म्हणून गेल्या होत्या, बाळाचे कपडे आणायला सुधीरकडून किल्ली घेऊन. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली.

आयाबाई तिला घेऊन दारात आल्या. "माहेरचं कोण आहे? बाळाला घ्या."

मी मान वळवली. त्या क्षणीसुद्धा मी वाट बघत होते.

"मी आसंय," काकी म्हणाल्या.

त्या पुढे झाल्या, पिशवीत हात घातला आणि गोधडी काढली. छोटी, चौकोनी, शेवाळी आणि निळी, शेवाळी आणि निळी. आत जुन्या लुगड्याचे थर, वरून बारीक धावदोऱ्याच्या रांगा. ट्रंक उघडून त्यांनी माझ्या सगळ्या पट्ट्या घेतल्या होत्या आणि दिवसरात्र बसून जोडल्या होत्या. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. आईनंही याहून चांगली केली नसती. माझ्या मुलीला त्यांनी त्यात गुंडाळलं आणि माझ्या कुशीत ठेवलं.

मी रडायला लागले ती थांबेचना. "रड बाय, रड," काकी माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "पयल्या वेळाक सगळ्यांका असाच होता." त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते. सुधीर पायाशी उभा राहून हसत होता आणि नाक पुसत होता. सगळ्यांना वाटलं मी आनंदानं रडतेय. मला काकींचा राग आला होता. जगात त्या घडीला माझी तेवढीच एक बाई होती आणि मला तिचा हात झटकून टाकावासा वाटत होता. त्या पट्ट्या मी जोडायच्या ठेवल्या होत्या. त्या जोडायच्या होत्या म्हणून तर आई येणार होती. आता त्या जोडून झाल्या होत्या, आणि आईनं येऊन करावं असं माझ्या घरात काहीच उरलं नव्हतं.